घोडेमावशींची पांढरी घोडी

वरात आली की लोक नवरदेव बघतात. घोडेमावशी घोडी बघायच्या. आमची वहिनी पंजाबी, म्हणून दादाची वरात घोडीवरून निघाली, तर भर रस्त्यात मावशी घोडीवाल्याला म्हणाल्या, "भैया, इसका पिछला पैर दुख रहा है. दूल्हे को ज़रा पैदल चलाओ." दादाला उतरावं लागलं. आई बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

मावशी फरीदाबादला आमच्या शेजारी राहायच्या. पहाडगंजच्या मराठी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. दर्यागंजच्या रद्दीत त्यांना गेल्या शतकातल्या जर्मन ठसेचित्रांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं. पानोपानी लाकडात कोरून छापलेले घोडे, मांजरी, हरणं. जर्मन अक्षर कळत नव्हतं, पण त्या पुस्तकाला हळदीचं बोट लावायची कुणाची बिशाद नव्हती. मी काढलेलं मांजर बघून त्या म्हणाल्या होत्या, "छान. पण मांजराला तू कशी दिसतेस, ते कुठाय? या जर्मनांनी ते शोधलं बघ."

पुढे त्या स्वतःच लाकूड कोरू लागल्या. कोरलेल्या जागी शाई लागत नाही, तिथे कागद पांढरा राहतो. न कोरलेलं काळं उमटतं. आणि बाईंनी निवडली वरातीची पांढरीशुभ्र घोडी! म्हणजे जवळजवळ अख्खी फळी कोरणं आलं. "मावशी, म्हैस घ्यायची, निम्मं काम वाचलं असतं," मी चिडवायचे. "कामच वाचवायचं तर झोपून राहीन की," त्या म्हणायच्या.

मान झाली, आयाळ झाली, डोळा राहिला. वरातीत घोडीला झापडं असतात, डोळा दिसतच नाही. "न बघता कोरला तर थाप मारल्यासारखं होईल गं." म्हणून एका दुपारी आम्ही तबेल्यात गेलो. साज उतरवलेली घोडी उभी होती. मावशी कितीतरी वेळ तिच्यासमोर उभ्या राहिल्या. परतताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "यार, किती थकलीये ती!"

पण तोवर हातांना कंप सुटला होता. हत्यार फळीवर टेकवायच्या, थरथरलं की उचलायच्या. चुकून कोरलेलं लाकूड परत थोडंच येतं? "तुम्ही सांगा, मी कोरते," मी म्हटलं. "नको गं. तुझ्या हातून तुझी घोडी होईल." मला फार वाईट वाटलं, पण त्यांचं खरं होतं.

मुलगा त्यांना गुरुग्रामला, त्याच्या फ्लॅटवर घेऊन जाणार होता. निघायच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "आहे तशी छापू." शाई लावून, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला. पांढरी घोडी उमटली आणि डोळ्याच्या जागी काळा चौकोन. मावशी बघत राहिल्या. "शेवटी मीही तिला झापडच बांधलं," म्हणाल्या.

यंदाच्या थंडीत त्या तिथेच गेल्या. ते चित्र माझ्याकडे आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "वा, डोळ्याच्या जागी अंधार! काय कल्पना आहे!" मी चहा टाकायला उठते. कसली कल्पना? तिथे डोळा व्हायचा होता. मावशींनी तो नीट बघून ठेवला होता, आणि तो त्यांच्याबरोबरच गेला.