हैदराबादला पासपोर्ट लागत नाही

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला, टपऱ्यांच्या रांगेसमोर, आम्ही औरंगाबादच्या गाडीची वाट बघत उभे होतो. अम्मी, अब्बा, माझा मोठा भाऊ सलीमभाई, भाभी आणि त्यांची चौथीतली आलिया. अम्मीने माझ्या दंडाला इमाम जामिन बांधला. हिरव्या कापडात गुंडाळलेलं नाणं असतं ते. प्रवासाला निघणाऱ्याला बांधायचं, आणि सुखरूप पोचलं की सोडून एखाद्या गरिबाला द्यायचं. गाठ मारताना तिचे ओठ हलत होते. अब्बांनी एवढंच सांगितलं, "पढ़, मगर किसी से उलझ मत." मी मान डोलावली, पण मनात हसलेच. उलझायचं कसं हे शिकायलाच तर चालले होते मी, तेही सातासमुद्रापलीकडे. आंतरराष्ट्रीय संबंध आणि मानवी हक्क, पदव्युत्तर पदवी. बस आली तेव्हा जड बॅग भाईने उचलली. मी हात पुढे केला तर म्हणाला, "छोड़, मैं हूँ ना." डावा पाय ओढत तो डिकीपर्यंत गेला.

त्या पायाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

भाई उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. हंगामात अंकुशनगरच्या कारखान्याच्या फेऱ्या, इतर वेळी मिळेल तो माल. एका वर्षी आमच्या भागातल्या मळ्यांतून पाण्याच्या मोटरी चोरीला जायला लागल्या, आणि चौकशीसाठी म्हणून पोलीस भाईला घेऊन गेले. कुठल्या ठाण्याचे, ते मी मुद्दाम लिहीत नाही. घरचे अजून तिथेच राहतात. काही दिवसांनी भाईला सोडलं. डावा घोटा मोडलेला होता आणि तो नीट बसला नाही तो नाहीच. डाव्या पायाने क्लच दाबायचा असतो, त्यामुळे ट्रॅक्टर सुटला. भाई हायवेला पंक्चर काढायला बसला. मोटरी पुढेही चोरीला जातच राहिल्या.

अंबडच्या एका वकिलांच्या मदतीने आम्ही वरिष्ठांकडे तक्रारअर्ज केला. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहून मी काढला. भाई सांगत होता, मी लिहीत होते, आणि मध्येच तो थांबायचा तेव्हा अम्मी उठून आत जायची. पुढे मी या विषयाकडे का वळले असं मला परदेशात पुष्कळांनी विचारलं. मी दर वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं उत्तर आमच्या पुढच्या खोलीतल्या त्या दुपारचं होतं.

बी.ए. झाल्यावर माझ्यासमोर दोन प्रवेश होते. एक हैदराबादचा, मानवी हक्क कायद्याचा. दुसरा नेदरलँड्समधला, शिष्यवृत्तीसकट. हैदराबादला अम्मीची बहीण राहते. भाषा आपली, ताटातलं सालन आपलं, मन उदास झालं तर रात्रीची गाडी पकडून सकाळी घरी. नेदरलँड्सच्या माहितीपत्रकावर रंगीत स्वेटर घातलेली मुलं हिरवळीवर बसून हसत होती. मानवी हक्क शिकताना एवढं हसायला काय होतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण त्या अभ्यासक्रमात कोठडीतल्या छळावर एक पूर्ण पेपर होता, आणि तो शिकवणाऱ्या बाई अशा खटल्यांत साक्षी द्यायच्या. त्या पेपरची माहिती वाचून मी हलले. वाटलं, हे शिकून आले तर भाईचा अर्ज कुणाला दाबता येणार नाही.

कॉलेजातल्या जाधव मॅडम आम्हाला राज्यशास्त्र शिकवायच्या. त्यांच्याकडे गेले तर त्यांनी दोन्ही पत्रं नीट वाचलीसुद्धा नाहीत. म्हणाल्या, "हैदराबादला गेलीस तर दर सणाला घरी येशील आन् चुलीपुढं बसशील. दूर जा. जिथून जल्दी वापस येता येणार न्हाई, तिथं जा." अब्बा नाही म्हणतील असं मी धरूनच चालले होते. पण ते म्हणाले, "जहाँ तेरा दिल है, वहाँ जा." केवढा अभिमान वाटला मला त्यांचा! मैत्रिणींना सांगत सुटले, माझे अब्बा चौथी शिकलेले, पण विचारांनी बघा.

मग पासपोर्ट. पडताळणीसाठी पोलीस घरी आले. त्याच ठाण्याचे, दुसरं कुठून येणार! मी चहा नेऊन दिला. हवालदार अगदी अदबीनं बोलले. "पोरगी लै शिकून राह्यली, चाचा. गावाचं नाव काढंल," असं अब्बांना म्हणाले, माझी सही घेतली आणि गेले. त्यानंतर कागद हलेना. आठवडे गेले. नेदरलँड्सहून स्मरणपत्रं येत होती, मी रोज फोनवर पासपोर्टची स्थिती बघत होते, आणि हैदराबादची जागा हातची जाईल म्हणून जीव टांगणीला लागला होता. शेवटी म्हटलं, जाऊ दे, हैदराबाद काय वाईट आहे? तसं घरात बोललेही. त्याच आठवड्यात ठाण्याचा अहवाल गेला आणि पासपोर्ट आला. अम्मीने गावभर शिरखुर्मा वाटला. मी म्हटलं, देर है, अंधेर नहीं.

पोचल्यावर पहिली अडचण इमाम जामिनचीच आली. नाणं रुपयाचं. गरीब तिथेही होते, स्टेशनबाहेर एक म्हातारा कुत्रं घेऊन बसायचा, पण आपल्या रुपयाचं तो काय करणार? अम्मीला फोन केला. ती म्हणाली, "उसकू उसके मुल्क का सिक्का दे. अल्लाह कू हिसाब आता." मी त्याला युरो दिला. तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला, मी मराठीत "असू द्या" म्हटलं. त्या देशातलं माझं ते पहिलं संभाषण. पुढे हिवाळा आला. चार वाजता अंधार व्हायचा, आणि मी वसतिगृहाच्या किचनमध्ये पिठलं करायला घेतलं की सोबतची मुलं वासाने खिडकी उघडायची. बेसन, हिंग, खोकला आणि गार वारा, सगळं एकदम यायचं. एकटेपणाची मी तयारी केली होती. आपण तिथे आवडायला लागू, याची केली नव्हती. कुणी तुझं आडनाव ऐकून थांबत नाही, घर भाड्याने देताना पुन्हा वर-खाली बघत नाही, हे किती लवकर अंगवळणी पडतं! आणि एकदा पडलं की मागचं सगळं जास्त टोचायला लागतं.

दुसऱ्या सत्रात छळाचा पेपर शिकवणाऱ्या त्या बाईंनी आम्हाला निबंध लिहायला सांगितला. आपल्या माहितीतली एक घटना घ्या, आणि तक्रार करणाऱ्याला कुठले कुठले मार्ग उपलब्ध होते ते तपासा. याच दिवसासाठी तर मी आले होते. दुपारी वसतिगृहाच्या किचनमधूनच भाईला फोन लावला. त्याच्या दुकानाचा आवाज येत होता, कुणीतरी हवा भरत होतं. म्हटलं, तुझ्या अर्जावर लिहू का? आणि पुढे काय झालं त्याचं?

"कौन सी अर्जी?" तो हसला. "वो तो तू जाने के पहलेच वापस ली मैंने."

मी विचारलं, का?

"तेरा कागज अटक्या था ना."

ठाण्यावरून निरोप आला होता म्हणे, बहिणीचं चांगलं चाललंय, भावानं कशाला आडवं यावं? भाई स्वतः चालत गेला. माझी काही तक्रार नाही असं लिहून दिलं. अब्बांना माहीत होतं, अम्मीला, भाभीला माहीत होतं. शिरखुर्मा वाटताना सगळ्यांना माहीत होतं. मला का नाही सांगितलंत, असं मी ओरडलेच. किचनमधली मुलं वळून बघायला लागली. भाई शांतपणे म्हणाला, "बोलता तो तू हैदराबाद चले जाती."

बरोबरच होतं त्याचं. मी हैदराबादला गेले असते. हैदराबादला पासपोर्ट लागत नाही. तिथे गेले असते तर अर्ज राहिला असता, पुढे सरकला असता की नसता कोण जाणे, पण राहिला असता. त्या दिवशी मला रडूसुद्धा आलं नाही, नुसता संताप आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना. निबंध मी दुसऱ्याच एका देशातल्या घटनेवर लिहिला. त्याला उत्तम गुण मिळाले.

आता मी त्याच शहरात नोकरी करते. आपापल्या देशांतून जीव वाचवून आलेल्यांच्या कहाण्या ऐकायच्या, त्या कायद्याच्या भाषेत बसवायच्या. दुभाष्यामार्फत मी रोज कुणाला तरी सांगते, घाबरू नका, तक्रार मागे घेऊ नका. ती माणसं माझ्याकडे बघतात आणि मी नजर कागदात घालते. तुमच्यापैकी कुणी आत्ता दोन प्रवेशपत्रं समोर ठेवून बसलं असेल, तर अभ्यासक्रम बघा, प्राध्यापक बघा, शिष्यवृत्ती बघा. आणि जमलं तर घरच्यांना एकेकट्याला गाठून विचारा, माझ्या जाण्यासाठी कोण काय सोडतंय? सांगणार नाहीत ते, तरी विचारा.

गेल्या ईदला घरी गेले होते. हायवे आता एवढा रुंद झालाय की दुकान ओळखायला वेळ लागला. भाई पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे बघत होता. मी शेजारी स्टूल ओढून बसले आणि अर्जाचा विषय काढला. नव्याने करू. औरंगाबादला माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, फी घेणार नाहीत. मी स्वतः उभी राहते. भाईने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं हे मी पाहिलं, आणि त्या दिवसापासून ते मला छळतंय. कारण त्याला हवं होतं. इतकी वर्षं कुणी विचारायची वाट बघितली असावी त्याने.

लोक मला विचारतात, तुला घरची आठवण येत नाही का? येते. पण घर म्हणजे आता ती जागा, जिथे मी शिकलेलं सगळं तोंडात धरून बसायचं. मी बोलले तर त्याची किंमत मला द्यावी लागत नाही. मी विमानात बसलेली असते.

भाई काही बोलणार, तेवढ्यात आलिया डबा घेऊन आली. दहावीत आहे, माझ्याइतकी उंच झालीय. डबा ठेवला आणि माझ्याजवळ उकिडवी बसली. "फूफी, मैं भी बाहर पढ़ने आऊँ क्या? तुम्हारेवालाच कोर्स?"

भाईने ट्यूब टबातून बाहेर काढली आणि माझ्याकडे बघितलं. हिच्याही पासपोर्टला त्याच ठाण्याचा कागद लागणार, हे आम्हा दोघांना माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता.

मी म्हटलं, "आ."

भाईने मान हलवली आणि ठिगळ लावायला घेतलं. वकीलबाईंचा विषय त्याने काढला नाही, मीही पुन्हा नाही. त्याचा अर्ज त्या दुपारी दुसऱ्यांदा मागे घेतला गेला. या वेळी तो मी घेतला.