आप्पांचा हरवलेला तानपुरा

मला वाटलं होतं, साताऱ्याला परत गेले की आधी लोकांना ऐकायला शिकवावं लागेल. परदेशात ध्वनिशास्त्र शिकून आले होते, डोक्यात केवढ्या कल्पना! प्रत्यक्षात काय दिसलं? माझे चुलते आप्पा, त्यांच्या माडीवर दर रविवारी सकाळी चार माणसं गाणं ऐकायला जमतात, आणि बसण्याआधी खालचा फ्रिज बंद करतात. का, तर त्याची घरघर गाण्यात येते! मी थक्क झाले. त्यानंतर थक्क होणं थांबलेलंच नाही. असे किस्से कुणी गोळा करत नाही. जिन्याखाली चपला साठतात तसे ते आपोआप साठतात.

मंडळी अशी: आप्पा यजमान. सुभेदार, फौजेतून निवृत्त, आता ऊस लावतात. मालतीबाई, वाईच्या शाळेत जन्मभर गाणं शिकवलं. आणि काकी, "मला काय कळतंय त्यातलं" म्हणत दारात बसून सगळं ऐकणाऱ्या.

यंदा संकट आलं. तरुणपणी मिरजेच्या एका मैफलीत आप्पांनी स्वतः एक टेप रेकॉर्ड केली होती. तिच्यातला तानपुरा त्यांना ऐकू येईनासा झाला.

"सिस्टीम मेली," आप्पा म्हणाले. "तानपुरा परत आला न्हाई तर पाडव्याला बैठक बंद. सगळं देऊन टाकतो."

काकींचा चेहरा उतरला. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा माणूस फक्त रविवारसाठी दाढी करत होता.

मी छातीठोकपणे सांगितलं, "आप्पा, दोष प्रीॲम्पचा आहे. बदलू या." प्रीॲम्प म्हणजे टेपमधून येणारा बारीक सिग्नल सांभाळून मोठ्या ॲम्प्लिफायरच्या हवाली करणारी पेटी. तीच गढूळ असेल तर गाण्यातले बारकावे तिथंच बुडतात.

"आण मग," आप्पा म्हणाले. "बघू तुझं शिक्षण."

* * *

पहिला प्रीॲम्प मी कुरियरने मागवला. छोटासा, देखणा. सुभेदारांनी तो तळहातावर तोलला.

"एवढा हलका? पोरी, ह्यात काय हाय तरी काय?"

मी त्यांना सर्किट समजावलं. मन लावून ऐकलं त्यांनी. मग खाली गेले, अर्धी वीट घेऊन आले, रुमालात गुंडाळली आणि प्रीॲम्पवर ठेवली.

"आता लाव."

मी लावलं. मालतीबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "खरंच हो! खर्ज भरला!"

एका विटेने माझ्या दोन पदव्या खाल्ल्या!

* * *

आप्पांना मात्र तानपुरा ऐकू आलाच नाही. म्हटलं, सांगलीत मोठं दुकान आहे, तिथं जाऊ. दुकानदार लग्न-मिरवणुकांना साऊंड पुरवणारा, पण घरगुती मालही ठेवायचा. मी म्हटलं, "डिटेल हवंय."

"डिटेल ना? हे बघा ताई!" त्याने स्पीकरवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि बटण फिरवलं. पाणी उडालं, काचा थरथरल्या, समोरच्या रसवंतीवाल्याने कानांवर हात ठेवले.

"आलं का डिटेल?"

मी ओरडूनच सांगितलं, "तसं नाही! गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायला हवा!"

त्याने आवाज बंद केला आणि काळजीने विचारलं, "का? आजारी हाईत का?"

तरी माणूस दिलदार! आतल्या खोलीतून दोन चांगले प्रीॲम्प काढून दिले. "घरी लावून बघा. आवडंल तो ठेवा."

* * *

मी परीक्षा घ्यायची ठरवली. दोन्ही पेट्यांवर चादर. कुठली वाजतेय ते फक्त मला ठाऊक. प्रत्येकाने मत सांगायचं.

पहिली लावली. कुणी स्पीकरकडे बघेना! तिघांच्या नजरा जमिनीवर. मला वाटलं, काय ही एकाग्रता! मग लक्षात आलं, सगळे आप्पांच्या पायाचा अंगठा बघत होते. अंगठा हलला की "वाहवा!", नाही हलला की गप्प. कित्येक वर्षं ही बैठक त्या एका अंगठ्यावर चालली होती!

मी जाऊन आप्पांच्या पायांवर शाल टाकली.

मालतीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चहा झाल्यावर सांगते."

सुभेदार तर चिडलेच. "पाय झाकल्यावर मत कसं देणार गं माणूस?"

शेवटी मलाच निवड करावी लागली.

* * *

त्या परीक्षेच्या गडबडीत फ्रिज परत चालू करायचा राहिला. पाचगणीहून आलेल्या स्ट्रॉबेरीचं पाणी झालं. काकी भांडं घेऊन माडीवर आल्या आणि माझ्यापुढे धरलं. "घे, तुझं डिटेल. दुधाचं डिटेल खाली हाय, ते पण नासलंय!"

* * *

पुढच्या रविवारी मिरजेची टेप लावली.

तिच्याबद्दल आप्पा एकच गोष्ट सांगायचे. गाणाऱ्या बाईंचा आलाप सुरू झाला आणि आपल्याला रडू फुटलं. टेपरेकॉर्डर मांडीवर होता, म्हणून हुंदका दाबून धरला. ही गोष्ट ऐकल्याशिवाय आमच्या घरातलं लग्नसुद्धा लागलेलं नाही.

मी बटण दाबलं. आणि तानपुरा आला! एकेक तार वेगळी. माझ्या अंगावर काटा आला. जिंकले मी!

तेवढ्यात तानपुऱ्यावरून कुणीतरी कुजबुजलं. तरुण, पण आप्पांचाच आवाज, अगदी स्वच्छ.

"ह्या बाईचा आज सूरच लागंना गड्या. चल, वडा खाऊन येऊ."

सुभेदार आढ्याकडे बघायला लागले. मालतीबाईंनी पदर तोंडावर धरला. दारात काकी तांदूळ पाखडायचं सूप हातात घेऊन तशाच उभ्या. आणि टेपमधला आवाज थांबेना! बाईंचा आलाप वर चढतोय आणि हा आपला, चटणी तिखट असते का, ते विचारतोय.

मी हळूच आप्पांकडे बघितलं. डोळे मिटलेले, मान स्पीकरकडे ताणलेली.

"आला का गं तानपुरा?" त्यांनी विचारलं. "मला तर कायच येईना."

मी काकींकडे बघितलं.

मग काकी मोठ्यांदा म्हणाल्या, "आला की! लय सुरेख आला!"

"व्हय आप्पा," सुभेदार म्हणाले. "काय तो तानपुरा!"

आप्पांनी डोळे पुसले. "मग पेटी चांगली हाय. ठेवून घ्या. बैठक चालू द्या तुमची."

तुमची!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांना फोन लावला. काकी धावत आल्या आणि माझा हात धरला.

"अगं थांब! यंत्र बसलं की त्यांना समदंच ऐकू येईल की!"

पलीकडून बाई विचारत होत्या, "पेशंटचं नाव?"

मी आप्पांचं नाव सांगितलं.