मकबूलच्या पाळीचं पाणी

"हवा काढ! अरे तात्या, टायरची हवा काढ आधी!" मकबूल ओरडत होता, आणि मी ॲक्सिलरेटरवर उभा होतो म्हटलं तरी चालेल. मागची चाकं वाळूची कारंजी उडवत होती. गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली चालली होती, विहिरीत पोहरा सोडावा तशी. "हवा काढायला हा काय जत्रेतला फुगा आहे?" मी त्याच्या वरताण ओरडलो. "कुंभार्ली घाटातून भरलेला ट्रक चढवलाय मी! सुतारानं मला गाडी शिकवायची नाही!"

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही ऐकली असणार. नव्वदच्या दशकात आखातात, अल ऐनमध्ये राहिलेल्या कोकणी माणसाने ती माझ्या तोंडून ऐकली नसेल, तर तो एकतर बहिरा होता, नाहीतर शुक्रवारी ओव्हरटाइमला होता. पण ह्या गोष्टीच्या पोटात अजून एक गोष्ट आहे — ती मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आणि तिला तर मी, मित्रहो, घोरताना काय स्वप्नं पडतात तेसुद्धा सांगतो.

मी कंपनीच्या पिकअपवर ड्रायव्हर, गुहागरच्या बाजूचा. मकबूल शटरिंगचा सुतार, खाडीपलीकडचा, दाभोळचा. कॅम्पमध्ये एकाच दुमजली खाटेवर, तो खाली आणि मी वर. शुक्रवारी सुट्टी, आणि शुक्रवारचा मी गाइड. गावाकडून नवीन पोरं आली की पिकअपच्या हौद्यात भरायची आणि शहर दाखवायला काढायची. मातीचे किल्ले दाखवायचे आणि सांगायचं, भिंती खजुराच्या पाकात माती मळून लिंपल्यात, म्हणून तर माश्या हटत नाहीत. हफीत डोंगराच्या पायथ्याला गरम पाण्याचे झरे आहेत, त्यात अंडं उकडतं म्हणतात. मी कोंबडीसकट उकडायचो. उंटांच्या बाजारात एक उंट मला बघून मालकाला सोडून निघाला होता, हेही सांगायचो. कोण तपासायला जातंय?

पण खजुराच्या बागेत शिरलं की मी खरं बोलायचो. का, ते आजही नीट सांगता येत नाही. बाहेर ऊन कडकडत असायचं आणि आत मातीच्या भिंतींमधून सावलीची गल्ली, आणि कडेने फलज वाहत असायचं. फलज म्हणजे आपला पाटच. डोंगराकडचं पाणी जमिनीच्या पोटातून आणायचं, इथे उघड्यावर काढायचं आणि बागाबागांतून खेळवायचं — पाळीने. दिवसा काठीच्या सावलीवरून पाळी मोजायची, रात्री ताऱ्यांवरून. ज्याची पाळी त्याचं पाणी, दुसऱ्याने त्यात बोट बुडवायचं नाही. "ह्या वाळवंटात शहर उभं राहिलं ते किल्ल्यांमुळे नाही," मी सांगायचो, "माणसांनी एकमेकांची पाळी पाळली म्हणून." पोफळीच्या बागांत शिंपणं करून आलेली आमची पोरं माना डोलवायची. पाळी त्यांना सांगावी लागत नव्हती.

आणि मग मी एक पॉज घ्यायचो. घसा साफ करायचो. "नशीब म्हणा, त्या काळी आमचा मकबूल इथे नव्हता! एका दमात अख्खं फलज आटवलं असतं!"

हशा. हमखास हशा. मकबूलही तिथेच कुठेतरी उभा असायचा, निदान सुरुवातीला. तोही हसायचा — ओठांनी.

तर त्या दुपारकडे येतो. वळसे घालतोय, कळतंय मला.

पुढच्या आठवड्यात सगळ्या कॅम्पची सहल काढायची होती. त्यासाठी बरी जागा बघायला म्हणून आम्ही दोघंच लाल टेकड्यांकडे निघालो होतो. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा कमी करतात, म्हणजे चाक पसरतं आणि वाळूवर तरंगतं. हे इथलं शेंबडं पोरगं जाणतं. मी घाटातला ड्रायव्हर. माझ्या डोक्यात टायर म्हणजे टणक! रस्ता अवघड, तर हवा जास्त. त्या सकाळी पंपावर थांबून मी मुद्दाम हवा भरून घेतली होती, वाळूसाठी म्हणून. हसा, हसण्यासारखंच आहे. गोष्टीतला हा भाग मी नेहमी रंगवून सांगायचो. माणसाने आपली थोडी फजिती सांगितली की लोक बाकीचं सगळं खरं मानतात.

गाडी पोटावर बसली. मग हवा काढून काय उपयोग? कॅनमधलं पाणी मी आधीच रुबाबात रेडिएटरला पाजलं होतं. उरली एक बाटली. मकबूल म्हणाला, "मी टेकडीवर जाऊन कुणी दिसतंय का बघतो. आल्यावर अर्धं-अर्धं पिऊ." मी म्हटलं, यल्ला, जा. तो शर्ट डोक्याला गुंडाळून निघाला.

गोष्टीत पुढे असं होतं, की मी अनवाणी तीन टेकड्या ओलांडून पळालो, एका बदूच्या, म्हणजे वाळवंटातल्या अरबाच्या, गाडीला आडवा पडलो वगैरे. खरं काय झालं? मी पिकअपच्या सावलीत बसून राहिलो. टेकडीवर मकबूल दिसत होता, काडीएवढा. शर्ट हलवत होता, थांबत होता, पुन्हा हलवत होता. मी बाटली उघडली. एक घोट, म्हटलं. मग म्हटलं, माझं अर्धं तर माझंच आहे. मग — मग काय म्हटलं ते आठवत नाही. काही म्हटलंच नसेल. मी सगळं पाणी प्यायलो. तो डोळ्यांसमोर होता, तरी प्यायलो.

तो उतरून आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "सांडलं रे." त्याने वाळूकडे पाहिलं. कोरडी वाळू. त्या उन्हात ओल कुठे टिकते, हा माझा हिशेब. मग त्याने माझ्या ओल्या मिशीकडे पाहिलं. मिशीचा हिशेब मी केला नव्हता.

तो गाडीला टेकून बसला. त्याने टेकडीवरून हलवलेला शर्ट एका म्हाताऱ्या बदूने पाहिला होता. ऊन कलताना तो आला. आधी आम्हाला पाणी दिलं. मग चारी टायरच्या तोंडात काडी खुपसून हवा सोडली, चाकांमागची वाळू हाताने ओढली आणि पिकअप रिव्हर्समध्ये काढून दिली. आमच्याकडे बघून हसला. "खलास," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी कॅम्पमध्ये खोली भरली. मी सांगायला लागलो — आणि मी सांगायला लागलो की काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी विचारलं, "आणि पाणी रे, तात्या?"

"पाणी? ते मकबूलला विचारा!" जीभ सटकली, म्हणू? नाही. अर्धा क्षण होता माझ्याकडे, आणि त्या अर्ध्या क्षणात मी नाव निवडलं. "मी मदतीला पळालो, हा पठ्ठ्या इथे बाटली रिकामी करून बसला!"

मकबूल म्हणाला, "मी नाही प्यायलो." एकदाच म्हणाला. त्यावर आणखी मोठा हशा झाला.

त्याचं नाव पाणीचोर पडलं. सुट्टीवर गेला तर नाव त्याच्या आधी दाभोळला पोचलेलं. लग्नाच्या पंगतीत पोरं ओरडायची, "मकबूलभाईंना लांब बसवा, सरबत पुरायचं नाही!" तो शुक्रवारी आमच्याबरोबर यायचा बंद झाला. साइटवरच्या कूलरला हात लावेना. स्वतःची बाटली सुतळीने कमरेला बांधायचा. एका जुलैत ती बाटली दुपारीच संपली. कूलर दहा पावलांवर होता, आणि हा माणूस मागायला गेला नाही. स्लॅबच्या फळ्यांवर कोसळला. तोंडावर पाणी मारताना कुणीतरी म्हणालं, "बघा, कसा पितोय!" लोक हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

हॉस्पिटलला मीच नेलं. हाताला सलाइन, डोळे मिटलेले. आता सांगू, मी म्हटलं. खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात मल्याळी सिस्टर आली. हिंदीत विचारलं, "आप इसका दोस्त है?" आणि मी तिला वाळवंटातली गोष्ट सांगितली — पूर्ण, बाटलीसकट. सिस्टर हसली. मकबूलने डोळे उघडले नाहीत, पण तो जागा होता. सलाइनच्या हाताची मूठ मी पाहिली.

दोन हजार सालानंतर कधीतरी तो कायमचा गावी निघाला. शेवटच्या शुक्रवारी मी त्याला म्हटलं, चल, बागेत जाऊन येऊ. का आला कुणास ठाऊक. फलजच्या काठावर बसून त्याने हात-तोंड धुतलं, पायांवर पाणी घेतलं, सावकाश. पाळी कुणाच्या तरी बागेची होती; पाणी आमच्या पुढून वळून भिंतीपलीकडे जात होतं.

मी इतका मोठा बोलका, पण चार शब्द जुळवायला मला तो अख्खा वेळ लागला. "मकबूल," मी म्हटलं, "त्या दिवशी पाणी मी प्यायलो होतो."

त्याने पायात चपला अडकवल्या.

"मला काय सांगतोस, तात्या," तो म्हणाला. "तिथे आपण दोघंच होतो."