माकणीतला दुसरा फॉर्म

लोहाऱ्याहून माकणीची जीप भरेपर्यंत पाऊण तास गेला. माझ्या पिशवीत पुण्यातल्या माझ्या पीएच.डी.साठी केलेली, घरीच शिकणाऱ्या मुलांसाठीची प्रश्नावली होती. ‘मी अभ्यास का करते?’ या प्रश्नाखाली वीस विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे; एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे अगदी खरं. वाटेत टायर पंक्चर झालं. सगळे खाली उतरलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी होती.

“कुणाकडं चाललीस गं बाई?” एका आजींनी विचारलं. बाळासाहेबांचं नाव सांगताच म्हणाल्या, “व्हय, पोरीला घरीच शिकवतंय त्यो. लई हुशार हाय पोरगी.”

बाळासाहेब बी.एड. झालेले. शिक्षकाची नोकरी मिळाली नाही, म्हणून शेती करतात आणि तेरा वर्षांच्या गौरीला स्वतः शिकवतात. ओसरीत फळा होता, शेजारी डब्यात खडू नीट लावलेले. गौरीच्या आईने धपाटे (ज्वारीच्या पिठात तिखट-मीठ घालून थापलेली भाकरी) आणि दही वाढलं. मग वडिलांशेजारी बसून गौरीने फॉर्म भरला. आवडीच्या विधानांपुढे सगळीकडे पाच, घरच्यांसाठी शिकण्याच्या विधानांपुढे एक.

नंतर ती मला धरण दाखवायला घेऊन गेली. भिंतीवर वारा सुटला होता.

“ताई, अजून एक फॉर्म हाय का?”

तो तिने गुडघ्यावर ठेवून सावकाश भरला. ‘मला शिकायला आवडतं’ यापुढे पुन्हा पाच. ‘घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून शिकते’ यापुढे मात्र आता एकाऐवजी पाच.

“मला शाळेत जायचंय,” ती म्हणाली. “पण मी गेले तर बाबा कुणाला शिकवणार?”

उत्तरं कुणालाही सांगायची नाहीत, हा आमचा नियम. तो तिला सांगितला.

“मीच म्हणते ना, सांगा. मला न्हाय जमत.”

थांब्यावर सोडायला आलेल्या बाळासाहेबांना मी सांगितलं.

“मला का न्हाय बोलली?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“वाटलंच.” जीप आली. माझी पिशवी त्यांनी आत ठेवली. “लोहाऱ्याच्या शाळेत चौकशी करतो. वह्या मातर मीच तपासणार.”

पुण्यात परतल्यावर जुने फॉर्म काढून बसले. आधीच्या नऊ घरी मी उत्तरं आई-वडिलांसमोरच लिहून घेतली होती. आवडीच्या विधानांपुढे सगळीकडे चार आणि पाच. मुलं इतकी मनापासून शिकतात, याचा मला तेव्हा आनंद झाला होता. त्यातलं एकही मूल माझ्याशी एकटं बोललं नव्हतं. मी मार्गदर्शक बाईंना फोन लावला आणि प्रबंधाला उशीर होईल, नऊही घरी पुन्हा जायचंय, असं कळवलं.