तळ्याचा रस्ता खराब हाय

नागावच्या अलीकडे आमच्या घरगाडीने मान टाकली. घरगाडी म्हणजे जुन्या टेम्पोत पलंग, शेगडी आणि पडदे बसवून आम्ही नवरा-बायकोने निवृत्तीनंतर थाटलेला संसार. क्लच प्लेट गेली होती आणि नवी यायला तीन दिवस लागणार होते. मी गॅरेजवाल्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. मला राग पटकन येतो आणि नेहमी चुकीच्या माणसावर निघतो, असं बायकोचं म्हणणं आहे.

चाळिशीतला तो मेकॅनिक शांतपणे हात पुसत राहिला. मग स्वतःच्या मोटारसायकलची चावी माझ्यापुढे धरून म्हणाला, "हितं बसून काय करनार? फिरा. किहीमला जा, थळला जा. फक्त तल्याकडं जाऊ नका, रस्ता एकदम खराब हाय."

मोटारसायकलची टाकी पोपटी होती, त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली. पहिल्या दिवशी आम्ही शहाण्यासारखे किहीम-थळ करून आलो. पण नको म्हटलं की मला तेच करावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्मेट घातलं, बायकोने धुळीसाठी ओढणी तोंडाला गुंडाळली आणि आम्ही तळ्याची वाट धरली.

रस्ता असा की पोटातलं पाणी हलू नये! दोन्ही बाजूंना भात कापलेल्या शेतांत वाल फुलला होता. स्कूटर विकल्यापासून कालपर्यंत बायको माझ्यामागे बसलीच नव्हती. ती गुणगुणायला लागली आणि मी उगाचच हॉर्न वाजवला. मग एकदम तळं समोर आलं. कडेला कमळाची पानं, पानांवरून पळणाऱ्या पाणकोंबड्या आणि पलीकडे घराघराची मासे पाळायची छोटी तळी. मी इतका खूश होतो की रस्त्याबद्दल थाप मारणाऱ्या मेकॅनिकवर रागवायचंही विसरलो.

एवढ्यात बांधावरून एक म्हातारी लुगडं सावरत धावत आली. "आली गं माजी बाय! जावईबापू आले!" तिने बायकोला मिठीच मारली. बायकोने ओढणी सोडली, मी हेल्मेट काढलं, आणि म्हातारीचे हात खाली आले. पोपटी टाकी बघून तिची फसगत झाली होती. मेकॅनिक तिचा थोरला जावई होता.

पण परक्यांनाही उपाशी सोडायची रीत तिथे नाही. तिने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली आणि सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी धाकटीच्या लग्नानंतर दोन्ही जावई जेवायला बसले. खास जिताडा मासा केला होता. ऐन वाढताना वीज गेली आणि अंधारात ताटं बदलली. थोरल्याचा मान म्हणून काढलेलं माशाचं डोकं नव्या जावयापुढे गेलं, थोरल्याला शेपटी. तो तडक ताटावरून उठला. तेव्हापासून तो येत नाही, म्हणून लेकही येत नाही.

"तवाच हा सोडलाय पान्यात," तिने घरामागच्या तळ्याकडे बोट दाखवलं. पाण्यात एका जिताड्याची लांबलचक सावली वळली. "सगली मागतात. मी न्हाय देत. तो जावयाचा हाय."

संध्याकाळी गॅरेजात मेकॅनिकने विचारलं, कुठे फिरलात? मी किहीम म्हणणार तोच बायको म्हणाली, "तळ्यावर. रस्ता छान आहे. आणि तुमच्या सासूबाई म्हणाल्या, वीज गेली होती, ताटं बदलली."

त्याने घट्ट बसलेलाच नट पान्याने पुन्हा आवळला. म्हणाला, "मंग तवाच सांगायचं व्हतं."

"तुम्ही थांबलात कुठे ऐकायला?" मी म्हणालो. इतरांचा तापटपणा मला लगेच ओळखू येतो.

तिसऱ्या दिवशी प्लेट आली आणि बसलीसुद्धा. ट्रायल घ्यायला तो स्वतः चालवायला बसला. मागे पाहतो तर आमच्या पलंगावर त्याची बायको, ठेवणीतली साडी नेसून. नाक्यावर त्याने घरगाडी तळ्याकडे वळवली.

"इकडे कुठे?" मी मुद्दाम विचारलं.

"ट्रायल खराब रस्त्यावरच घ्यायची असते," तो समोर बघत म्हणाला.

आमचं धूड अंगणात थांबलं तरी म्हातारी जागची हलली नाही. एकदा फसलेली ती. तो खाली उतरला, पाठोपाठ लेक उतरली. म्हातारीने दोघांना डोळे भरून पाहिलं, आणि घराकडे तोंड करून एवढंच ओरडली, "जालं आना!"

जाळं टाकून तोच जिताडा काढला, रांधला आणि भर दुपारी, लख्ख उजेडात, तिने बॅटरी लावून ताट निरखलं, डोकं नीट आहे ना ते पाहिलं आणि मगच त्याच्यापुढे ठेवलं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. दोन वर्षांपूर्वी भरल्या ताटावरून उठलेला तो माणूस त्या दुपारी हात वाळला तरी ताटावरून उठेना.