आईची होजिअरीची पँट

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईचं साडी नेसणं सुटलं. बाजारातल्या तयार पँट्स तिला कंबरेला काचायच्या, आणि मला तर त्या बघूनच राग यायचा. बाईच्या जातीला पोट असतं हे शिवणाऱ्यांना कुणी सांगितलंच नसावं! शेवटी मीच इंटरनेटवरचा पॅटर्न छापून आणला, त्याचे कागद एकमेकांना चिकटवले आणि मऊ, राखाडी होजिअरीचं कापड फरशीवर पसरलं. ताणली जाणारी बाजू कंबरेभोवती आडवी यायला हवी, एवढंच सांभाळायचं होतं. घराजवळच्या उणकलच्या तळ्यावरून खिडकीतून वारा येत होता. कापड हळूच फुगत होतं, बसत होतं, आणि मी पाण्यावर तरंगत असल्यासारखी त्यावर कात्री चालवत होते.

पँट घालून आई आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. "छलो झाली की गं," तिने धारवाडी कौतुक केलं. मग हळूच म्हणाली, "पण अंगावर काही आहे असं वाटतच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर फिरायला गेलो. पायऱ्या आल्या तशी आईने पायांपुढची हवा चिमटीत धरली आणि अलगद उचलली. जन्मभर निऱ्या अशाच उचलल्या होत्या तिने. वर पोचल्यावर ती हवा तिने सोडली आणि हाताने नीटही केली.

मला हसू आलं नाही. कारण तिच्या मागून चढताना, साडीच्या काठावर पाय पडू नये म्हणून, मीही एक पायरी सोडूनच चालत होते.