सोनूबाई आणि पलीकडचा संकासूर

पडदा वर जातो. मागे मंडणगडाचे डोंगर, पुढे भरतीला फुगलेली खाडी, मध्ये धक्का. धक्क्याच्या उजव्या अंगाला नारळाच्या झापांनी शाकारलेली खोपटी, तिच्या दारात चूल, चुलीवर मडकं आणि मडक्यामागे कमरेला पदर खोचून बसलेली सोनूबाई. साल एकोणीसशे एकतीस, दिवस शिमग्याचे. खाडीच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे संस्थान. मधलं पाणी कुणाचं म्हणून विचारलं की तरीवाला बाबल्या छातीवर हात मारून सांगायचा, "माझं!"

तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, सुटायची भरतीवर. तोवर खोळंबलेल्या उतारूंना सोनूबाई पेज, भात आणि तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण वाढायची. त्या कालवणासाठी माणसं मुद्दाम तर चुकवत. पण ज्याच्या तोंडून कौतुक ऐकावं असं तिला वाटे, त्याने मात्र कधी दाद दिली नाही. तिचा नवरा केरू आगबोटीवर खलाशी होता. तरुणपणी दूर अरबांकडच्या बसरा बंदरात तो तापाने आडवा झाला आणि बोट त्याला तिथेच टाकून निघून गेली. बंदरावरचे शिपाई परमुलखातल्या माणसांना हुसकत होते. तेव्हा एका अनोळखी म्हातारीने "हा माझा" म्हणून त्याला घरात घेतलं आणि चाळीस दिवस डाळीचं कढण पाजलं. केरू घरी आला तो त्या कढणाची चव जिभेवर घेऊनच. पुढची वीस वर्षं सोनूबाईने काहीही रांधलं, तरी पहिला घास घेऊन तो म्हणे, "बरं हाय. पण त्या म्हातारीचं कढण..." केरू जाऊन पाच वर्षं झाली, तरी ती न पाहिलेली म्हातारी सवतीसारखी सोनूबाईच्या चुलीशी बसूनच होती.

त्या दिवशी बाबल्याच्या तरीतून उतरला तो संकासूर. शिमग्यात सोंगं घेऊन फिरणाऱ्या खेळ्यांत नाचतो तोच. काळा अंगरखा, हातभर उंच टोपी, तोंडावर काळं फडकं, त्याखाली छातीभर पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो थेट खोपटीत शिरला आणि मडक्यामागे दडला.

"ह्या काय रे बाबल्या?" सोनूबाई उठलीच.

"पळून आलाय, बाय. तिकडच्या मामलेदाराची चाल केलीन खेळ्यांत. पोट पुढं, धोतराचा सोगा धरून, दर चार पावलांवर शिंक. लोक हसून मेले, आणि मामलेदार पहिल्या रांगेत! धरायचा हुकूम सुटलाय."

"नाव काय ह्याचं?"

बाबल्याने जीभ चावली. पलीकडच्या त्या गावची रीतच तशी होती. वेष चढला की नाव उतरलं. वेषात असेतो संकासूर बोलायचा नाही, मासळीला शिवायचा नाही, आणि वेष उतरवायचा तो आपल्याच देवासमोर. देव होता पलीकडे आणि पलीकडे होती तुरुंगाची वाट. थोडक्यात, पाहुणा मुका, बिननावाचा आणि दाढीसकट मुक्कामाला.

दुपारी गावचं राष्ट्रीय मंडळ देवळासमोर भरलं. मंडळ म्हणजे मुख्यत्वे सदू मास्तर. मिठाच्या सत्याग्रहात सहा महिने तुरुंग भोगून आलेला, खादीतला, सच्चा माणूस. फक्त दोन माणसं समोर दिसली की त्याला सभा वाटे. त्याने ठराव वाचला. "परराज्यात जुलूम झाल्यामुळे आश्रयास आलेल्या कोणत्याही मनुष्यास हे गाव परत देणार नाही. उद्याच्या स्वराज्याचं हेच धोरण राहील!"

"कोणत्याही?" भिकाजी खोताने विचारलं. "आमची धाकटी सून पलीकडचीच. सासूचा जुलूम म्हणून ती माहेरी गेली, तर तिकडच्यांनी पण परत द्यायची नाय?"

गलका झाला. निम्म्या घरांत सुना पलीकडच्या होत्या. शेवटी "सुना वगळून" अशी दुरुस्ती झाली आणि ठराव एकमताने पास झाला. मग कुणीतरी विचारलं, "त्याला जेवायला कोण घालणार?" संवाद विसरलेल्या नटांसारखे सगळे हळूच सोनूबाईकडे बघू लागले.

"बघताय काय?" ती म्हणाली. "तुमी हात वर केलेत, मी मघाशीच चुलीवर आधण ठेवलंय."

पण आधणात घालणार काय? मासळी चालायची नाही, म्हणजे तिचं हुकमी कालवण बाद. उरली कुळथाची पिठी. एकीकडे बसऱ्याचं कढण, दुसरीकडे रत्नागिरीचा कुळीथ! सोनूबाईने लसूण जास्त ठेचली, दोन आमसुलं टाकली, पिठी मंद आचेवर अर्धा तास घोटली आणि पाहुण्यापुढे ठेवली. त्याने दाढी वर उचलली, वाटी आत नेली, रिकामी बाहेर आणली. पुन्हा पुढे केली. पाच वेळा! पण बोलेल तर शपथ.

"बरी झाली का?" ती विचारी. टोपी डुले. आता डुलणाऱ्या टोपीने कुठं बाईच्या जिवाचं समाधान होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच फौजदार आला. घाटावरचा, नवा, घामाघूम. बरोबर संस्थानचा दादू जमादार, हातात कागद. मागोमाग मास्तर ठराव घेऊन धावत आला. फौजदाराने खोपटीत डोकावून पाहिलं.

"हाच ना? काढ रे तोंडावरचं फडकं!"

"साहेब, असं बोलू नका!" ओरडला तो दादू जमादारच. "माझं घर त्याच गावात हाय. वेषातल्याला हात लावला तर आई मला घरात घेणार नाय."

"मग कागद कशाला आणलास?"

"कागद मामलेदारांचा, साहेब. आई माझी."

सोनूबाईने पदराला हात पुसले. "फौजदारसाहेब, कागदात काय लिवलंय ते जरा मोठ्यानं वाचा बघू."

फौजदाराने वाचलं. "आरोपीचं नाव, संकासूर. बापाचं नाव, ठाऊक नाही. वर्णन, काळा अंगरखा, उंच टोपी, पांढरी दाढी, घुंगरू." त्याने जमादाराकडे पाहिलं. "अरे, खरं नाव कुठाय?"

"सगळ्या गावाला विचारलं, साहेब. वेष चढला की नाव उतरतं, असं सगळे सांगतात."

"सगळे? तूसुद्धा?"

दादूने खाडीकडे पाहिलं.

"मी काय म्हणते," सोनूबाई म्हणाली, "उद्या त्यांच्या देवाची पालखी होडीतनं इकडं येतेय, आमच्या देवीच्या भेटीला. त्याला आपल्या देवासमोर वेष उतरवू दे. मग कागदात लिवलंय ते समदं मोजून घेऊन जा. तोवर पळाला, तर त्याच्या जागी मला बेड्या घाला."

"तुम्हाला?" फौजदार थक्क झाला. "तो तुमचा कोण?"

त्या म्हातारीचे जे शब्द वीस वर्षं ऐकून सोनूबाईचे कान किटले होते, तेच तिच्या तोंडून बाहेर पडले. "माझा."

फौजदाराने एकदा मास्तराच्या हातातल्या ठरावाकडे पाहिलं, एकदा चुलीवरच्या मडक्याकडे, आणि धक्क्यावरच बैठक मारली. संध्याकाळपर्यंत त्याने चार वाट्या पिठी रिचवली.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत पालखी धक्क्याला लागली. चौदा भोई, सगळे गुलालाने नखशिखान्त माखलेले. त्यांनी संकासुराभोवती कडं केलं, उपरण्यांचा आडपडदा धरला. आत घुंगरू वाजले, मग थांबले. आडपडदा खाली आला तेव्हा पाटावर घडी घातलेला अंगरखा, टोपी, दाढी आणि घुंगरांचा पट्टा होता. भोवती उघड्या अंगाचे भोई. चौदा की पंधरा? कुणी मोजायला गेलं नाही.

"अरे, माणूस कुठाय?" फौजदार ओरडला.

"कागदात माणूस कुठं हाय, साहेब?" सोनूबाई म्हणाली. "अंगरखा, टोपी, दाढी, घुंगरू. बघा, चारी जिनसा हायत."

फौजदाराने पुन्हा कागद वाचला. मग तो प्रथमच मिशीत हसला आणि खाली त्याने लिहून दिलं, "वर्णनाप्रमाणे ताब्यात दिला." दादू जमादाराने पाटावरच्या आरोपीला नमस्कार केला, तो डोक्यावर घेतला आणि अनवाणी होडीत जाऊन बसला.

"पण ठराव?" मास्तर कळवळून म्हणाला. "परत द्यायचा नाही, असं ठरलंय ना?"

"देतंय कोण? त्याचं घर तिकडं, तो आपल्या पायानं चाललाय. तुमचा ठराव हाय तिथंच हाय, मास्तर. जपून ठेवा. उद्या दुसरा कुणी येईल."

पालखी निघाली. एक भोई पाणी प्यायला म्हणून खोपटीशी आला. गुलालात चेहरा बुडालेला, कोणी म्हणून ओळखलं नसतं. पण हनुवटीवर पिठीचा वाळलेला ठिपका होता. तो ओंजळीने पाणी प्यायला, वाकून पाया पडला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं.

"बाय, असली पिठी मी जन्मात खाल्ली नव्हती. आमच्या घरी कधी अशी होतच नाय!"

सोनूबाईने डोळ्यांना पदर लावला. चुलीशी पंचवीस वर्षं ठाण मांडून बसलेली ती म्हातारी जणू उठून, पाट सरकवून, तिला जागा देत होती. पोर होडीत चढलं, वल्ही पडली, आणि मग तिला एकाएकी काहीतरी आठवलं. ती धक्क्याच्या टोकापर्यंत धावत गेली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून, पलीकडचं संस्थान ऐकेल एवढ्या मोठ्याने ओरडली,

"आणि हे बघ रे! बायकोसमोर माझ्या पिठीचं नाव काढू नकोस हां!"